पिंजरा पुन्हा उभारण्यापूर्वी

‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जाळीच्या पिंजऱ्यातील झुंजींचे मोठे कार्यक्रम मुंबईत पुन्हा व्हावेत की होऊ नयेत, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्रीडापृष्ठावरच शोभेल असा वाटतो. तो आम्ही पहिल्या पानावर आणीत आहोत, याचे कारण त्यात खेळापेक्षा मोठी गोष्ट गुंतलेली आहे. ज्या करमणुकीत एका तरुणाची शुद्ध हरपणे हाच अनेकदा खेळाचा कळस ठरतो, तिला परवानगी देताना त्या तरुणाच्या जिवाची जबाबदारी नेमकी कोणाच्या शिरावर राहते, हा खरा प्रश्न आहे. आज महाराष्ट्रात त्याला कायद्याचे उत्तर नाही.

या विषयावर दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, हा रानटीपणा आहे. सुसंस्कृत शहरात त्याला थारा नको. दुसरा म्हणतो, हा जगभर मान्य झालेला खेळ आहे. त्यातून तरुणांना पैसा, शहराला नाव आणि सरकारला कर मिळतो, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांनी तो पाहू नये म्हणजे झाले. आमच्या मते दोन्ही तट मूळ मुद्द्याला बगल देतात. पहिला आपल्या अभिरुचीला कायदा समजतो आणि दुसरा तिकीटविक्रीला समाजमान्यता.

प्रथम या खेळाविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्युदो, ज्युजित्सू आणि लाथांची थाई पद्धत या सर्वांचे मिश्रण त्यात आहे. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी पाच. हातांत बोटे मोकळी राहतील असे पातळ मोजे. प्रतिस्पर्ध्याने हार मानली, तो निश्चेष्ट पडला किंवा पंचांनी झुंज थांबविली की निकाल. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील डेन्व्हर शहरी ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ या संस्थेने पहिला प्रयोग केला, तेव्हा वजनगट नव्हते आणि नियमही नावापुरतेच होते. पुढे २००० नंतर न्यू जर्सी व नेवाडा या राज्यांच्या क्रीडा-नियंत्रण मंडळांनी एकसूत्री नियम लागू केले. डोक्याने धडक देणे, डोळ्यांत बोटे घालणे, पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणे निषिद्ध ठरले; वजनगट आले, वैद्यकीय तपासणी आली. म्हणजे हा खेळ माणसाळला तो आयोजकांच्या सौजन्यामुळे नव्हे, तर कायद्याने अधिकार दिलेल्या मंडळांमुळे. हा तपशील आमच्या पुढील विवेचनाचा पाया आहे.

मुंबईलाही हा खेळ नवखा नाही. झुंजीची आवड तर या शहराला फार जुनी. दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनी एके काळी मुंबईकरांना वेड लावले होते. १९६८ साली अमेरिकेच्या लू थेझला दारा सिंगांनी हरविले ते याच शहरात. पिंजऱ्याचा पहिला गाजलेला कार्यक्रम ११ मार्च २०१२ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला. राज कुंद्रा व संजय दत्त यांनी काढलेल्या ‘सुपर फाइट लीग’चा तो आरंभ होता. बॉब सॅप नावाचा अवाढव्य अमेरिकन मल्ल त्याचे मुख्य आकर्षण होता आणि पहिल्याच फेरीत पायाच्या दुखापतीने तो बाद झाला. एप्रिल २०१७ मध्ये बहारीनच्या ‘ब्रेव्ह’ संस्थेने वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमात, म्हणजे आजच्या ‘डोम’मध्ये, आपला कार्यक्रम भरविला. २०१९ साली ‘मॅट्रिक्स फाइट नाइट’चा जन्मही मुंबईतच झाला, पुढे ती दुबई, हैदराबाद, दिल्ली-नोएडा अशी फिरत राहिली. तेव्हा मुंबईला जो निर्णय करावयाचा आहे, तो परक्या पाहुण्याला प्रथमच घरात घेण्याचा नाही. येऊन गेलेल्याला पुन्हा बोलवावयाचे असेल तर कोणत्या अटींवर, हे ठरविण्याचा आहे.

आता बंदीचा विचार करू. अभिरुचीच्या आधारावर बंदी घालण्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. डान्सबारवर २००५ साली बंदी आली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि त्यानंतर सरकारने घातलेल्या जाचक अटींपैकी अनेक २०१९ च्या जानेवारीत रद्दबातल ठरल्या. ‘आम्हांस हे आवडत नाही’ हे वाक्य घराच्या उंबरठ्याआत पुरेसे असते. न्यायासनासमोर ते टिकत नाही.

या खेळापुरताच दाखला हवा असेल तर तो न्यूयॉर्क राज्याचा आहे. १९९६ मध्ये सिनेटर जॉन मकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि राज्यांच्या गव्हर्नरांकडे बंदीचा आग्रह धरला. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये व्यावसायिक झुंजींवर बंदी घातली, ती सुमारे एकोणीस वर्षे टिकली. या काळात झुंजी थांबल्या काय? हौशी म्हणविल्या जाणाऱ्या झुंजी त्या राज्यात होतच राहिल्या आणि त्यांवर सरकारी देखरेख नव्हती. ज्यांना डॉक्टरची, तपासणीची, विम्याची सर्वांत अधिक गरज, ती नवखी मुलेच कायद्याच्या छायेबाहेर लढत राहिली. अखेर मार्च २०१६ मध्ये विधिमंडळाने बंदी उठविली आणि १२ नोव्हेंबर २०१६ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वीस हजारांवर प्रेक्षकांसमोर पहिला कार्यक्रम झाला. वाईट वाटणारी गोष्ट बंदीने नाहीशी होते ही समजूत भाबडी आहे. पुष्कळदा ती केवळ आपल्या नजरेआड होते आणि नजरेआड ती अधिक वाईट होते.

बंदी निरुपयोगी म्हणून मोकळीक इष्ट, असा मात्र निष्कर्ष कोणी काढू नये. समर्थकांचा सर्वांत बलवान मुद्दा संमतीचा आहे. दोन सज्ञान माणसे स्वेच्छेने पिंजऱ्यात उतरतात. मध्ये बोलणारे तुम्ही कोण? मुद्दा वजनदार आहे, परंतु आपल्या दंडविधानाला तो पूर्णपणे मान्य नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८७ व्या कलमात, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमात, संमतीने झालेल्या इजेला क्षमा आहे. उदाहरणही करमणुकीसाठी तलवारबाजी करणाऱ्या दोघांचेच आहे. तथापि ही क्षमा कोठवर? मृत्यू किंवा जबर दुखापत घडविण्याचा हेतू नसेल, आणि ती घडण्याचा संभव आहे याची जाणीवही नसेल, तेथवरच. हाड मोडणे किंवा दात पडणे हीदेखील कायद्याच्या व्याख्येत जबर दुखापत होय. पिंजऱ्याच्या खेळात अशी दुखापत संभवनीय नाही, असे कोणता आयोजक शपथेवर सांगू शकेल? म्हणजे ज्या संमतीवर सारी इमारत उभी आहे, तीच कायद्याच्या दृष्टीने डळमळीत आहे. विशेष कायदा नसल्यामुळे खेळाडूला संरक्षण नाही आणि प्रामाणिक आयोजकालाही नाही.

संमतीला दुसरीही बाजू आहे. तालमीत दहा वर्षे घाम गाळलेला, नोकरी न मिळालेला, घरी धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असलेला मुलगा जेव्हा करारावर सही करतो, तेव्हा ती सही त्याचीच असते हे खरे. पण करारातील बारीक अक्षरे त्याला वाचून दाखविणारा कोणी त्याच्या बाजूला असतो काय? त्या मुलाला आम्ही दया दाखवीत नाही. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्याची पूजा तोमर जून २०२४ मध्ये ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’मध्ये झुंज जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. तिच्या कर्तृत्वाकडे नाक मुरडण्याचा अधिकार आमच्यासारख्या आरामखुर्चीतील मंडळींना नाही. ऐची-नागोया येथील आशियाई स्पर्धांच्या कार्यक्रमात या खेळाचा अंतर्भाव करण्याचे २०२५ मध्ये ठरले, हेही विसरून चालणार नाही. मात्र जिंकणाऱ्याचा सत्कार करावयास सारेच पुढे येतात. हरलेल्याला इस्पितळात कोण नेणार, हे आधी ठरले पाहिजे.

कुस्तीची परंपरा सांगून या खेळाची भलामण करणाऱ्यांना एक भेद दाखविणे आवश्यक आहे. खासबागेच्या मैदानात शाहू महाराजांनी जी कुस्ती वाढविली, तिच्यात पाठ मातीला लागली की डाव संपतो. मल्ल चीत होतो, पण शुद्धीवर असतो. उठतो, माती झाडतो आणि वस्तादांच्या पाया पडतो. पिंजऱ्यात मात्र प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकावर आघात करणे हे मान्य साधन आहे. कुस्तीत मरण अपघाताने येते; येथे मेंदूवरील आघात नियमानुसारच होतो. एवढ्यावरून खेळ त्याज्य ठरत नाही, कारण मुष्टियुद्धालाही हेच लागू आहे. पण ‘आमच्याकडे कुस्ती आहेच, मग हेही चालेल’ असे म्हणून त्यावरील देखरेख टाळता येणार नाही.

आता परवान्याचे पाहू. मुंबईत असा कार्यक्रम भरवावयाचा तर १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली सार्वजनिक करमणुकीसाठी असलेले नियम पाळावे लागतात. खुर्च्या किती, बाहेर पडण्याच्या वाटा किती, आग विझविण्याची व्यवस्था कोणती, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत, असे प्रश्न विचारले जातात आणि ते योग्यच आहेत. परंतु हे सारे प्रश्न प्रेक्षकाच्या सुरक्षिततेचे आहेत. गेल्या महिन्यात जो खेळाडू निश्चेष्ट पडला होता, तोच आज पुन्हा उभा केला आहे काय, हे विचारणारा अधिकारी या व्यवस्थेत नाही.

याच्याशेजारी दोन गोष्टी ठेवून पाहाव्यात. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम केले आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. तेथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी लागते. दहीहंडीच्या गोविंदांसाठी उच्च न्यायालयात वयाचा व थरांच्या उंचीचा वाद झाला, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा देऊन मृत्यू ओढवल्यास दहा लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. बैलासाठी कायदा झाला, गोविंदासाठी निर्णय झाला. पिंजऱ्यात उतरणाऱ्या तरुणासाठी मात्र काहीच झालेले नाही. ही विसंगती लाजिरवाणी आहे आणि ती दूर करण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. क्रीडा आणि करमणूक हे विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहेत. अधिकार महाराष्ट्र विधिमंडळाचा आहे.

धोका काल्पनिक नाही. जुलै २०२२ मध्ये बंगळुरू येथे राज्य पातळीवरील किकबॉक्सिंग स्पर्धेत डोक्यावर आघात होऊन मैसूरचा तेवीस वर्षांचा खेळाडू कोसळला आणि काही दिवसांत दगावला. स्पर्धास्थळी वैद्यकीय व्यवस्था नव्हती असा आरोप कुटुंबीयांनी केला. आयोजकांविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. एप्रिल २०१६ मध्ये डब्लिन येथे जोआव कार्व्हाल्यो हा पोर्तुगीज खेळाडू झुंजीनंतर दोन दिवसांनी मरण पावला, तेव्हा आयर्लंडमध्ये या खेळाला अधिकृत मान्यता असलेली नियामक संस्था नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे एका चिनी तरुणाचा बळी तर पिंजऱ्यात पाऊल टाकण्यापूर्वीच गेला. वजनगटात बसण्यासाठी शरीरातील पाणी आटविण्याची जी जीवघेणी रीत या खेळात रूढ आहे, तिने त्याचा घात केला. प्रत्येक ठिकाणी नियमांची आठवण नंतर झाली. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण अशा वेळी क्रूर वाटते, पण ती खरी ठरते.

मंडळ नेमले म्हणजे सारे आलबेल झाले, असेही समजू नये. २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅगोमेड अब्दुसलामोव्ह हा रशियन मुष्टियोद्धा दहा फेऱ्या मार खाऊन बाहेर पडला. मुष्टियुद्धावर तेथे सरकारी मंडळाचे नियंत्रण जुने होते, डॉक्टरही हजर होते. तरी त्याला रुग्णवाहिका मिळाली नाही. टॅक्सीने इस्पितळ गाठावे लागले. मेंदूतील रक्तस्रावाने तो जन्माचा अपंग झाला. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला दोन कोटी वीस लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ही रक्कम राज्याला द्यावी लागली, कारण तेथे जबाबदार कोण हे कायद्याने ठरलेले होते. आपल्याकडे असे घडले तर कुटुंबाने कोणाच्या दारात जावे? आयोजकाच्या? स्टेडियमच्या? की परवाना देणाऱ्या पोलीस ठाण्याच्या?

बफलोचे उदाहरणही बोधक आहे. १९९५ मध्ये या शहरात ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’चा कार्यक्रम झाला होता, बंदी उठल्यावर ८ एप्रिल २०१७ रोजी ती तेथे परतली. आदल्या दिवशीच्या वजनात विजेता डॅनियल कॉर्मिए जास्त भरला आणि काही मिनिटांतच, आडोशाला धरलेल्या पंच्यावर हात टेकवून, तो पौंडाहून अधिक हलका झाला! नवख्या अधिकाऱ्यांची जगभर थट्टा झाली. तात्पर्य असे की मंडळ केवळ कागदावर असून भागत नाही. तेथे जाणती, निर्भीड आणि आयोजकाच्या मेजवानीस न जाणारी माणसे हवीत.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे कार्यक्रम मुंबईत परत यावेत. परंतु कायदा झाल्यानंतर, त्याआधी नव्हे. त्या कायद्याने पिंजऱ्यातील झुंज, व्यावसायिक मुष्टियुद्ध आणि किकबॉक्सिंग या सर्वांसाठी एक वैधानिक मंडळ नेमावे. मंडळावर मेंदूविकारतज्ज्ञ आणि निवृत्त खेळाडू असावेत, आयोजकांचे हितसंबंधी नसावेत. पंच व डॉक्टर मंडळाने नेमावेत आणि त्यांचे मानधन मंडळामार्फत द्यावे. ज्याच्या हातून पैसे घ्यावयाचे त्याचाच कार्यक्रम थांबविणे कोणालाही जड जाते. प्रत्येक खेळाडूची नोंदवही असावी. निश्चेष्ट पडलेल्याला ठरावीक काळ कोठेही लढता येऊ नये आणि तपासणीवाचून ती बंदी उठू नये. वजन उतरविण्याच्या पद्धतीवर वैद्यकीय निर्बंध असावेत. दारात सुसज्ज रुग्णवाहिका आणि मेंदूशस्त्रक्रिया करणारे इस्पितळ आधीच ठरलेले असल्याखेरीज पहिली घंटा वाजू नये. न्यूयॉर्कच्या २०१६ च्या कायद्याने मेंदूच्या जीवघेण्या दुखापतीसाठी दहा लाख डॉलरच्या विम्याची सक्ती केली. आपल्या ऐपतीनुसार, पण आजन्म शुश्रूषेला पुरेल असा विमा येथेही आयोजकाने उतरवावा.

यावर आयोजक म्हणतील, इतका खर्च परवडणार नाही. न्यूयॉर्कमध्येही ही हाकाटी झाली आणि काही काळ तेथील लहान मुष्टियुद्ध-कार्यक्रम खरोखरच अडले. आमचे उत्तर असे की जो कार्यक्रम खेळाडूच्या मस्तकाचा विमा उतरविल्यावर नफ्यात राहत नाही, त्याचा नफा आजवर त्या मस्तकातूनच येत होता. तो बुडाला तर शहराचे काही बिघडणार नाही. लहान तालमींच्या हौशी स्पर्धांना मात्र विम्याचा भार सोसण्यासाठी सरकारने हात द्यावा, अन्यथा त्या पुन्हा अंधारात जातील. फ्रान्सने २०२० मध्ये या खेळाला मान्यता देताना तो आपल्या मुष्टियुद्ध महासंघाच्या देखरेखीखाली दिला, आणि २०२२ मध्ये पॅरिसने मोठा कार्यक्रम पाहिला. आधी व्यवस्था, मग उत्सव हा क्रम अशक्य नाही.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकवर्गासाठी. पिंजऱ्यात आपली मुले उतरणार नाहीत, याची आपणांपैकी बहुतेकांना खात्री आहे. आणि म्हणूनच आपण एक तर या विषयाचा तिटकारा करतो किंवा तिकीट काढून टाळ्या वाजवितो. तिटकाऱ्याने आणि टाळ्यांनी कोणाचा जीव वाचत नाही. विधिमंडळात आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधीला, असा कायदा केव्हा आणणार एवढे विचारणे हे आपल्या हातचे काम आहे. वरळीच्या स्टेडियमात किंवा अंधेरीच्या मैदानात पिंजरा पुन्हा उभा राहील, तेव्हा त्याच्या दाराशी कायदा उभा असला पाहिजे. तोपर्यंत आयोजकांनी थांबावे, आणि त्यांना थांबविण्याचे धैर्य सरकारने दाखवावे.